औषधाच्या कणाला गाठीचा पत्ता ठाऊक नसतो

पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंचा, सूक्ष्म कण औषध घेऊन क्षेपणास्त्रासारखा थेट कर्करोगाच्या गाठीवर जाऊन आदळतो, हे वर्णन वर्षानुवर्षं फिरतंय. चित्रं तर इतकी देखणी असतात की शंका घ्यायचं धाडसच होत नाही! पण कणाला ना इंजिन ना सुकाणू. रक्त नेईल तिकडे तो जातो. त्यावर चिकटवलेली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक पेशी ओळखणारी प्रथिनं, कामाला येतात ती कर्करोगाच्या पेशीला कण भिडल्यावरच. तोवर यकृत आणि प्लीहा हे रक्त गाळणारे अवयव बहुतेक कणांना गिळून टाकतात. २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या मात्रेतल्या गाठीपर्यंत पोचलेल्या वाट्याचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, निघाला अवघा ०.७ टक्के.

म्हणून खरा प्रश्न नेम धरण्याचा नाही, रक्तात टिकून राहण्याचा आहे. इथे निसर्ग कामी येतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी प्लीहेतल्या तिच्याहून अरुंद फटीतून अंग चोरून निसटते, कारण ती मऊ असते. म्हातारी होऊन ताठरली, की तिथेच अडकते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साधारण याच आकाराच्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पॉलिमरच्या, चकत्या बनवल्या. चकती सुमारे आठपट मऊ केल्यावर उंदरांच्या रक्तातला तिचा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या चकत्या रक्तातून नाहीशा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ३ तासांवरून ९३ तासांवर गेला. आकार तोच, बदलला तो फक्त मऊपणा.

अर्थात, जास्त वेळ फिरणं म्हणजे गाठीत शिरणं नव्हे. तिथे रक्तवाहिनीची भिंत ओलांडावी लागते, आणि एवढ्या मोठ्या चकतीला ते जमणं कठीणच.