चूक कबूल करणाऱ्या वैमानिकाला अभय कुठून आले?

धुळ्याजवळचे गोंदूर, शिरपूर आणि जळगाव या तीन ठिकाणी खानदेशात पोरं विमान चालवायला शिकतात. एकट्याने उड्डाण करताना उंचीमापकावर हवेच्या दाबाचा आकडा लावण्यात १० हेक्टोपास्कलची गफलत झाली, तर तो जवळपास ३०० फूट चुकीचे दाखवतो. हवाई नियंत्रकाने दिलेली उंची मोडली जाते आणि विमानातल्या पोराला त्याचा पत्ताही नसतो. उतरल्यावर चूक लक्षात येताच पहिला प्रश्न मनात येतो तो, कुणी पाहिले का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

ही मूठ उघडायला लावणारी व्यवस्था एका अपघातातून उभी राहिली. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ९२ जण गेले. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे लगेच १,८०० फुटांवर यायला हरकत नाही, असे वैमानिकांना वाटले. नियंत्रकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे एक विमान याच गैरसमजातून त्याच परिसरात थोडक्यात वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले होते, पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचले नाही. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत जास्त बोचतो.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, चुका कळवा, शिक्षा माफ करू, असे जाहीर केले. वैमानिक बिचकले. ज्याच्या हातात दंडुका, त्याच्याच कानात कबुली कोण देणार? भाऊबंदकीचा वाद ऐकायलाही बाहेरचा माणूस लागतो. म्हणून १९७६ पासून हे अहवाल नासा घेऊ लागली. नासाकडे ना परवाने, ना दंड. अहवालावरची नाव-पत्त्याची पट्टी फाडून, तारखेचा शिक्का मारून ती वैमानिकाला परत पाठवली जाते. पुढे कारवाई झालीच, तर ती पट्टी दाखवायची. नियमभंगाची नोंद राहते, परवान्याचे निलंबन टळते. मात्र चूक नकळत झालेली हवी, अहवाल दहा दिवसांत गेलेला हवा आणि आधीच्या पाच वर्षांत दुसरा नियमभंग सिद्ध झालेला नको. गुन्हा आणि अपघात यांना ही सवलत नाही.

ब्रिटनने १९८२ मध्ये अशीच गोपनीय व्यवस्था उभी केली. २०१५ मध्ये एफएएनेही धोरण बदलले. प्रामाणिक चुकीवर दंडाऐवजी समज आणि फेरप्रशिक्षण देण्याकडे कल वाढला.

आपल्याकडे अमेरिकेची दहा दिवसांची सवलत लागू नाही, हे शिकाऊ मुलांनी पक्के लक्षात ठेवावे. इंटरनेटवर वाचून बरेच जण तिच्यावर विसंबतात. १९३७ च्या विमान नियमांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, परवाना निलंबित करण्याचा अधिकार दिला. स्वेच्छेने अहवाल देण्याची सोयही डीजीसीएकडे आहे. पण ठरावीक घटना कळवणे सक्तीचेच असते, तिथे स्वेच्छेचा प्रश्न येत नाही. तेव्हा चूक दिसताच आधी विमान सावरायचे, मग नियंत्रकाला रेडिओवर सांगायचे, उतरल्यावर प्रशिक्षकाला. वेळ, उंची आणि कानावर पडलेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवायचे. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, खाडाखोड मात्र करू नये. नकळत झालेली चूक तिथून पुढे नकळत राहत नाही.