मस्टँग इंचभर खाली बसवताना

१९६५ची फोर्ड मस्टँग बाजूने पाहिली की पुढचं चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यांत भरते. गाडी खाली बसवायचा सोपा उपाय हौशी माणसाला लगेच सुचतो. स्प्रिंगचा एक वेढा कापायचा! गाडी खाली येते, पण स्प्रिंगही कडक होते. ती का होते हे कळलं की नवी स्प्रिंग निवडताना चूक होत नाही.

वेढ्यांची स्प्रिंग दबते तेव्हा तिच्या तारेला मुख्यतः पीळ बसतो. तार जितकी लांब, तितका तो पीळ वाटला जातो आणि स्प्रिंग मऊ लागते. काम करणाऱ्या ८ वेढ्यांपैकी एक कापला, तर तार आखूड होऊन स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. जाडीचा परिणाम त्याहून विलक्षण. तार फक्त १० टक्के जाड घेतली, तरी कडकपणा ४६ टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. नजरेला सारख्याच वाटणाऱ्या दोन स्प्रिंगा म्हणूनच गाडीत अगदी वेगळ्या वागतात.

थोडा कडकपणा मात्र हवाच. चाकाला वर सरकायला १० सेंटीमीटर जागा होती आणि गाडी उतरवल्यावर ती ७.५ राहिली, असं समजू. आता तोच खड्डा कमी जागेत पचवायचा, तर स्प्रिंग जवळजवळ पावणेदोन पट कडक लागेल. नाहीतर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा वर-खाली हलणारा दांडा, रबरी स्टॉपवर आदळणार. गाडी खाली आणि स्प्रिंग मऊ, हे दोन्ही एकदम मिळत नाही. शॉकअपही मग त्याच बेताचे घ्यावे लागतात. जुने मऊ शॉकअप ठेवले तर गाडी डुलत राहते.

मस्टँगची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. ती आर्मच्या बरोबर मध्यावर आहे असं धरलं, तर चाकाला तिचा फक्त पाव कडकपणा जाणवेल आणि स्प्रिंगची उंची अर्धा इंच घटली की गाडी पूर्ण इंचभर खाली येईल. इथे घाईने केलेला काप फार महाग पडतो. इंजिनचं वजनही आधी पाहावं. सहा सिलिंडरच्या इंजिनासाठीची स्प्रिंग जड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाखाली घातली तर गाडी नको तितकी बसते.

स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवणं तर कधीच करू नये. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे भाराखाली बसतच जाते.

मागे आपल्या ट्रकसारखेच पाटे असतात. ॲक्सल आणि पाटे यांच्यात ठोकळा घालणं स्वस्त पडतं, पण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पाट्यांना जास्त पिळतो. माझी पसंती कमी बाकाच्या नव्या पाट्यांना.

शेल्बी जीटी३५०, म्हणजे मस्टँगचीच जास्त वेगवान आवृत्ती, बनवताना मात्र फक्त स्प्रिंगवर भिस्त ठेवली नव्हती. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या रचनेनुसार वरच्या आर्मची बिजागरीच सुमारे एक इंच खाली घेतली गेली. त्यामुळे वळणावर गाडी कलली, तरी बाहेरचं चाक रस्त्यावर अधिक सरळ टेकतं. त्यासाठी प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं पुरतात.