पॅकबंद फळांचा रस (भारतातील विक्री व नियमन)

पॅकबंद फळांचा रस : फळांचा रस किंवा गर उष्णतेने निर्जंतुक करून पाकिटात, बाटलीत वा डब्यात हवाबंद भरून विकण्याचा व्यवसाय. गिऱ्हाईक दुकानात या साऱ्यालाच ‘ज्यूस’ म्हणते. कायद्याला ते चालत नाही. भारतात या व्यापाराचे बरेचसे नियमन एकाच प्रश्नाभोवती फिरते : बाटलीतल्या पेयाला काय म्हणायचे? फळाचे किमान प्रमाण, कराचा दर आणि जाहिरातीची भाषा या तिन्ही गोष्टी त्या नावावर अवलंबून असतात.

जॅमच्या बाटलीवरचा ‘एफपीओ’ शिक्का अनेकांना आठवत असेल. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाची ती खूण. पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आला आणि त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. तेव्हापासून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय) मानके ठरवते. राज्यात तपासणी आणि नमुने घेण्याचे काम अन्न व औषध प्रशासन करते. छोट्या उत्पादकाला नोंदणी पुरते, त्याहून मोठ्याला राज्याचा आणि सर्वांत मोठ्याला केंद्राचा परवाना लागतो. पाकिटावरचा चौदा आकडी क्रमांक तो हाच.

मानकांची उतरंड नीट पाहण्यासारखी आहे. सर्वांत वर ‘फळांचा रस’. त्याखाली ‘नेक्टर’ : आंबा किंवा पेरू असेल तर किमान २० टक्के फळ, संत्रे किंवा अननस असेल तर ४० टक्के. त्याखाली ‘फ्रूट ड्रिंक’, म्हणजे थेट पिण्याजोगे पेय. यात फळाचा अंश किमान १० टक्के असावा लागतो, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के पुरतो. उरलेली जागा पाणी, साखर, आम्ल आणि स्वाद भरून काढतात. लग्नात, प्रवासात, शाळेच्या सहलीत वाटली जाणारी आंब्याची पाकिटे बहुतेक या शेवटच्या वर्गातली. पाठीमागच्या घटकांच्या यादीत पहिले नाव पाण्याचे असते, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पुढच्या बाजूला मात्र रसरशीत आंबा. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण नेतो ते पाकीट या उतरंडीत कुठे बसते, हे सहसा कोणी पाहत नाही.

सरबताच्या जुन्या परंपरेतील पेयांनाही मानके आहेत. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळ आणि ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ (विरघळलेली साखर वगैरे) हवेत. सिरपमध्ये फळ तितकेच, पण घन पदार्थ ६५ टक्के. कोकणातल्या बचत गटाचे कोकम सिरप बाटलीबंद होऊन बाजारात आले की त्यालाही परवाना वा नोंदणी क्रमांक, निव्वळ माप, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका लागतो. घरोघरी साखर-कोकमाचे थर देऊन केलेल्या अमृत कोकमाला असले काही लागत नव्हते.

‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा अलीकडचा सर्वांत मोठा वाद. कारखान्यात येणारा रस बहुधा आटवलेला घनरस असतो. वाहतूक स्वस्त पडते आणि वर्षभर माल मिळतो. भरण्याआधी त्यात पाणी घालून तो पूर्ववत करतात. कंपन्यांचे म्हणणे, काढलेलेच पाणी परत घातले, मग शंभर टक्केच. प्राधिकरणाने ते मानले नाही. ३ जून २०२४ रोजी त्याने असा दावा लेबलांवरून आणि जाहिरातींतून काढण्याचे आदेश दिले. घनरसापासून केलेल्या पेयात तशी नोंद हवी, आणि एका किलोत १५ ग्रॅमहून जास्त गोडवा वरून घातला असेल तर ‘गोड केलेला रस’ असे लिहायला हवे. छापून ठेवलेली पाकिटे संपवायला मुदत दिली, ती पुढे वाढवलीही. ‘रियल’ विकणाऱ्या डाबरने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मराठीत आपण ‘शंभर टक्के’ खात्रीच्या अर्थानेही म्हणतो. गिऱ्हाइकाच्या मनात हा आकडा गणितापेक्षा तसाच उतरत असणार.

नावावरून झालेला दुसरा वाद औषधांच्या दुकानातला. फळांच्या चवीच्या गोड पेयांच्या पाकिटांवर ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाचे नाव) ही अक्षरे दिसत. जुलाबाच्या रुग्णासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या द्रावणात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याहून कितीतरी जास्त साखर पोटात गेली तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली.

करखात्याची व्याख्या वेगळीच. ‘अॅपी फिझ’मध्ये सफरचंदाचा रस आहे आणि वायूही. मग ते फळांचे पेय की सोडा? केरळातील विक्रीकराच्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते फळांच्या रसावर आधारित पेय ठरवले. वस्तू व सेवा करात मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून वायुयुक्त फळपेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसला. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत साधी फळपेये १२ वरून ५ टक्क्यांवर आली, वायुयुक्त थेट ४० टक्क्यांच्या गटात गेली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये तुमकुरू येथे शीतपेयांत ५ टक्के फळरस घालण्याचे आवाहन कंपन्यांना केले होते, आणि पुढे तशा पेयांसाठी मानकात वेगळे नावही आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर मानक शीतपेयात फळरस घालण्याकडे ओढते आणि वायुयुक्त पेयांवरचा कर उलट दिशेला.

दहा रुपयांच्या पाकिटात किंमत सहसा हलत नाही, हलते ते माप. ठरावीक मापातच माल भरण्याची सक्ती २०२२ मध्ये उठली. बदल्यात प्रति मिलिलिटर किंमत छापावी लागते. त्याच वर्षी १ जुलैपासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली आणि पाकिटाला चिकटवलेली नळी बऱ्याच ठिकाणी कागदाची झाली.

कच्च्या मालाचा नकाशा पाकिटावरच्या चित्राशी जुळत नाही. आंब्याच्या पेयात हापूस क्वचितच असतो. तिथे तोतापुरीचे राज्य, आणि त्याचा गर आंध्रातील चित्तूर व तमिळनाडूतील कृष्णगिरी परिसरात निघतो. महाराष्ट्रात जळगाव हे गर-प्रक्रियेचे मोठे केंद्र आहे. नागपुरी संत्र्याची अडचण वेगळी. ताजा रस गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की लिमोनिन या घटकामुळे कडवटपणा येतो. त्यामुळे विदर्भात संत्र्यांचे ढीग लागलेले असतानाही संत्र्याच्या पाकिटांसाठी घनरस परदेशातून आणला जातो. त्याचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार ब्राझील आहे.