रान फुकटचे, राक्षस उसना

कमी पैशांत काढलेल्या जंगलातल्या राक्षसपटाचा साचा आता इतका ओळखीचा झाला आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. आडवाटेला बंद पडलेली गाडी, रानातले एकटे लाकडी घर आणि झाडीतून पाहणारे, पण शेवटपर्यंत नीट न दिसणारे कुणीतरी. हे सारे कथाकारांना सुचले असे मानण्यापेक्षा, अमेरिकेतल्या छोट्या निर्मात्यांना खर्चाचा मेळ घालताना ते एकेक करून सापडले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

त्याची सुरुवात न्यायालयात होते. १९४८ मध्ये पॅरामाउंट आणि इतर मोठ्या स्टुडिओंविरुद्ध सरकारने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्याचा निकाल लागला आणि मोठ्या स्टुडिओंना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडून द्यावी लागली. त्याच सुमारास घरोघरी टेलिव्हिजन आला आणि स्टुडिओंनी चित्रपटांची संख्या घटवली. उलट गाडीत बसून सिनेमा पाहण्याची ‘ड्राइव्ह-इन’ मैदाने इतकी फोफावली की १९५८ च्या आसपास त्यांची संख्या ४,००० च्या वर गेली. पडदे होते, त्यांवर लावायला स्वस्त माल हवा होता. १९५४ मध्ये सुरू झालेली अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी तर अनेकदा आधी नाव आणि पोस्टर ठरवी, आणि कथा मागाहून लिहून घेई. गाडीतल्या तरुण जोडप्यांचे नामवंत नटांवाचून काही अडत नव्हते. पोस्टरवर एक राक्षस असला की पुरे होते.

राक्षसाला जागा मात्र हवी, आणि स्टुडिओतला सेट परवडणारा नव्हता. हॉलिवूडपासून गाडीने काही मिनिटांवर, ग्रिफिथ पार्कच्या कडेला, ब्रॉन्सन कॅन्यन नावाची दगडाची जुनी खाण आहे. तिच्यातला बोगदा इतका आखूड आहे की समोर उभे राहिल्यास पलीकडचा उजेड दिसतो. म्हणून कॅमेरा तोंडाशी तिरका लावायचा, म्हणजे तीच गुहा अथांग वाटते. १९५३ चा ‘रोबॉट मॉन्स्टर’ याच परिसरात चार दिवसांत उरकला. यंत्रमानव घडवण्यापुरतेही पैसे नव्हते, तेव्हा ज्याच्याकडे गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता असा नट घेतला आणि त्याच्या डोक्यावर अंतराळवीरासारखे टोप चढवून काम भागवले. १९५९ मध्ये स्वस्त चित्रपटांचा निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन आणि त्याचा भाऊ जीन यांनी दक्षिण डकोटातल्या डेडवुडच्या बर्फात एकाच मुक्कामात दोन चित्रपट काढले, एक युद्धपट आणि दुसरा गुहेतल्या राक्षसाचा. ताफा तोच, बर्फही तोच.

रान असे फुकटात मिळाले, पण राक्षसाचे काय करायचे हा प्रश्न सुटला नव्हता. भर उन्हात उभा केला की त्याची शिवण दिसे आणि लोक हसत. त्यावरचा तोडगा, माझ्या मते, चित्रपटाच्या धंद्यात नव्हे तर बाहेर सापडला.

१९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना मातीत अवाढव्य पावलांचे ठसे दिसले आणि स्थानिक वृत्तपत्रातून ‘बिगफूट’ (रानात राहणारा, माणसासारखा चालणारा केसाळ दंतकथेतला प्राणी) हे नाव देशभर गेले. (त्या कामाच्या ठेकेदाराच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, त्याच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठी पावले काढून दाखवली.) त्याच मुलखात, ब्लफ क्रीक या ओढ्याकाठी, २० ऑक्टोबर १९६७ रोजी बिगफूटच्या शोधात निघालेल्या रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी जेमतेम एका मिनिटाचे १६ मिलिमीटर चित्रण घेतले. सुरुवातीला कॅमेरा इतका हलतो की काही कळत नाही. मग तो स्थिरावतो, वाळूतून चालणारी केसाळ आकृती दिसते, ती चालता चालता मान वळवून मागे पाहते आणि झाडीत निघून जाते. हा पोशाखातला माणूस होता की आणखी काही, यावर आजही वाद चालतो. तो मिटणे धंद्याच्या दृष्टीने गरजेचेही नव्हते. पॅटरसनने पुढे गावोगावचे हॉल भाड्याने घेऊन हे चित्रण तिकीट लावून दाखवले. छोट्या निर्मात्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की स्वच्छ, स्थिर चौकटीतला राक्षस खोटा वाटत होता, तर हललेल्या, दाणेदार, लांबून घेतलेल्या चौकटीतला लोकांना पुरावा वाटला.

हा धडा चार्ल्स पिअर्स याने जितका नेमका गिरवला तितका आधी कुणी गिरवला नव्हता. टेक्सस आणि आर्कान्सा राज्यांच्या सीमेवरच्या टेक्सार्कॅना गावात जाहिरातीचा व्यवसाय करणाऱ्या पिअर्सच्या कानावर १९७१ मध्ये जवळच्या फाउक या खेड्यातली बातमी आली : रात्री एका घरावर केसाळ प्राण्याने हल्ला केला होता. स्थानिक उद्योजकाकडून उसने भांडवल घेऊन, गावातल्याच लोकांना कॅमेऱ्यासमोर उभे करून आणि शाळकरी मुलांना हाताशी धरून त्याने ‘द लेजंड ऑफ बॉगी क्रीक’ काढला. वरून माहितीपटासारखे निवेदन. मध्ये दलदल, पाणपक्षी, मावळतीचा प्रकाश यांची लांबलचक दृश्ये. आणि राक्षस म्हणजे फांद्यांआडची सावली किंवा खिडकीतून आत आलेला हात. अनेक ग्रामस्थ स्वतःचीच भूमिका करत असल्याने त्यांचा अडखळता अभिनयही साक्षीसारखा भासतो. १९७२ मध्ये पिअर्सने टेक्सार्कॅनातले एक चित्रपटगृह स्वतःच भाड्याने घेतले आणि तिथे रांगा लागल्या. सुमारे १ लाख ६० हजार डॉलरच्या या चित्रपटाची कमाई २ कोटी डॉलरच्या वर गेली असे मानले जाते. त्याला मुलांनाही पाहता येईल असे प्रमाणपत्र होते, म्हणूनच एका अख्ख्या पिढीने तो लहानपणी पाहिला.

योगायोगाची गोष्ट म्हणजे त्याच १९७२ मध्ये रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ हा पहिला यशस्वी भयपट काढला, तोही महाबळेश्वरला सगळे कुटुंब आणि मोजका ताफा नेऊन. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी कामे भावांनी आपसात वाटून घेतली होती. पुढे मात्र त्यांची वाट निराळी झाली : त्यांना राक्षस मुखवट्यासकट, समोरून दाखवायचा होता.

अमेरिकेत कल न दाखवण्याकडेच राहिला. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क वारंवार बिघडल्याने प्राण्याऐवजी त्याची नजर दाखवावी लागली. तो मोठ्या स्टुडिओचा चित्रपट, पण ही युक्ती गरिबाच्या जास्त कामाची होती. १९७९ च्या हिवाळ्यात तरुण दिग्दर्शक सॅम रेमी आणि त्याचे मित्र टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळ एका पडक्या घरात ‘द ईव्हिल डेड’ चित्रित करत होते. त्यांनी कॅमेरा लाकडी फळीवर घट्ट बसवला, दोघांनी फळीची दोन टोके धरली आणि ओल्या पाल्यावरून, ओंडक्यांवरून घराच्या दिशेने धूम ठोकली. पडद्यावर ती धाव म्हणजेच रानातली दुष्ट शक्ती.

तिथून पुढे राक्षसाचा खर्च पूर्णच वगळणे एवढेच उरले होते. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी ‘बॉगी क्रीक’चे ऋण उघडपणे मान्य केले आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये त्यांनी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’साठी तीन नटांच्याच हाती कॅमेरे देऊन त्यांना आठ दिवस रानात सोडले, ठरल्या जागी ठेवलेल्या खोक्यांतून सूचना पोहोचवल्या आणि दिवसागणिक त्यांचे खाणे कमी केले. चेटकीण एकदाही दिसत नाही. १९९९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने जगभरात २४ कोटी डॉलरहून अधिक कमावले. कथेत ज्याचे नाव आहे त्या बर्किट्सव्हिल गावाच्या पाट्या चाहत्यांनी चोरून नेल्या. बरेचसे चित्रीकरण मात्र सेनेका क्रीकच्या सरकारी उद्यानात झाले होते, आणि ते वॉशिंग्टनच्या उपनगरांना लागूनच आहे.