पलूसची शिराझ: बाटली उघडण्याआधी एवढं वाचा

दारात गाडी थांबवून बाटली घेणारे बरेच जण आम्हाला आधी एकच गोष्ट विचारतात, "सांगलीत वाइन? ती तर नाशिकची ना?" सांगली म्हटलं की लोकांना तासगावचा बेदाणा आठवतो, हळद आठवते, भडंग आठवतो. वाइन आठवत नाही. पण २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि वाइन पार्क ठरले ते दोन ठिकाणी: नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला. नाशिकचं नाव देशभर झालं, पलूसचं फारसं झालं नाही. आमची तीन एकर शिराझ, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, त्याच पलूस तालुक्यात आहे, नदीकाठची काळी जमीन सोडून वर चढणीला लागलेल्या मुरमाड रानात. एकरी चार टनांच्या वर माल आम्ही धरत नाही. वर्षाला नऊ हजारांच्या आसपास बाटल्या होतात.

एकरी चार टन म्हटल्यावर शेजारचे बागायतदार हळहळतात. खाण्याच्या द्राक्षाला याच्या दुप्पट-तिप्पट माल सहज निघतो. पण ते पीकच वेगळं. तिथे मणी फुगवायचा असतो, साल पातळ हवी असते, बी नको असते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. खाऊन बघितलंत तर गोड लागेल, पण चावायला चिवट. लाल वाइनला लागणारा रंग आणि तुरटपणा त्या सालीतच असतो. शिराझचा मणी बोटांत दाबून बघा, रस जवळजवळ पांढराच निघतो. म्हणून मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त, आणि वाइन तितकी गडद. मणी फुगवायला फवारतात ते जीए हे संजीवक आम्ही मारत नाही ते याच कारणाने.

शिराझ हे नाव ऐकून काही जणांना इराणमधलं शहर आठवतं. वाण मात्र दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला आहे. १९९८ मध्ये जनुकीय तपासणीत त्याचे आईबाप सापडले, दोन्ही फ्रेंच.

तिकडे हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपते. आमच्याकडे ती झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं आणि पीक एकदाच घ्यावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड ठरतो. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, आभाळ भरून राहिलं, तर पुढच्या हंगामातले घड तिथेच कमी होतात. नंतर कितीही खत घाला. मग पावसाळा संपता संपता फळछाटणी, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून तोडणी. या दोन टोकांच्या मध्ये परतीचा पाऊस उभा असतो. २०१९ ला ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. आमचं रान उंचावर, पाणी तिथवर आलं नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस हटेना, नव्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग आला आणि होते तेवढे घड जिरले, कुजले. त्या हंगामाची बाटली आमच्याकडे नाही. दुसऱ्यांची द्राक्षं विकत घेऊन आमचं लेबल लावणं आम्हाला पटलं नाही.

तोडणी पहाटे चारला, डोक्याला बॅटऱ्या बांधून. फेब्रुवारीत दुपारी ऊन तापतं, पण पहाटे रानात स्वेटर लागतो; माल थंड असताना वाइनरीत पोचला की वास टिकतो. देठ काढून, मणी फोडून सालीसकट स्टीलच्या टाकीत जातात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं, आणि सुटणाऱ्या वायूने साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून तीन वेळा खाली दाबायचा, रात्रीसुद्धा. आठ दिवसांनी साली गाळून पिळायच्या. पुढे वाइन वर्षभर मुरवायची, त्यातली एक तृतीयांश वाइन ओकच्या जुन्या पिंपांत. नवी पिंपं आम्ही मुद्दाम वापरत नाही, लाकडाचा वास द्राक्षाच्या वर चढतो.

आता तुमच्या हातातल्या बाटलीविषयी.

ही वाइन गोड नाही. साखर सगळी यीस्टने खाल्लेली असते, अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास असतं. पहिल्या घोटाला जीभ ओढल्यासारखी होईल, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. तो दोष नाही, सालीचा तुरटपणा आहे, आणि जेवणाबरोबर तो बराच निवतो.

सगळ्यात जास्त वाइन बिघडते ती एका समजुतीने: लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानालाच प्यायची. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या दगडी घरांतली खोली १६-१८ अंशांची होती. आपली खोली मार्चमध्ये ३२ अंशांची असते. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबतो आणि वाइन जड लागते. कृपा करून उघडण्याआधी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. हाताला गार लागली पाहिजे, बर्फासारखी नको. पेला अर्ध्याच्या वर भरू नका.

तळाशी कधी बारीक चकचकीत खडे दिसतील. घाबरून दुकानात परत नेलेल्या बाटल्या आम्ही पाहिल्या आहेत. तो काचेचा चुरा नाही. चिंचेला आंबट करणारं जे टार्टारिक आम्ल, तेच द्राक्षात असतं, आणि गारठ्यात त्याचे क्षार खड्यांच्या रूपात खाली बसतात. आमच्या उन्हात द्राक्षाची आंबटी लवकर उतरते, म्हणून हंगाम बघून हेच आम्ल टाकीत थोडं घालावं लागतं. ते लपवण्यासारखं नाही. लेबलवर सल्फाइट लिहिलेलं असतं, तेही वाचा: बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्याच घराण्यातली ही वस्तू, वाइन खराब होऊ नये म्हणून अगदी थोडी. दमा असलेल्यांपैकी काहींना ती सोसत नाही.

जेवणात काय? तांबडा रस्सा नको. झणझणीत तिखटाने वाइन जळजळीत लागते. त्यापेक्षा सुकं मटण, तेही काळ्या मिरीचं. शाकाहारी घरात शेंगदाण्याचं कूट घातलेली भरली वांगी, तेल हात न आखडता सोडलेलं. आम्हाला स्वतःला ती हुरड्याबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीसोबत सगळ्यात आवडते.

बाटलीला बूच नाही, फिरकीचं झाकण आहे. कडक उन्हाळ्यात बूच सैल पडलं की हवा शिरते आणि वाइन उतरते, म्हणून हे झाकण. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. न उघडलेली तीन-चार वर्षांत प्यावी. माळ्यावर ठेवून जुनी करायची ही वाइन नाही, आणि माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा.

वाइन औषध आहे, हृदयाला चांगली आहे, असं आम्ही कुणाला सांगत नाही. बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात, ती दोघा-तिघांनी वाटून घ्यायची. गाडी चालवायची असेल, गरोदरपण असेल, गोळ्या चालू असतील तर नको. २१ वर्षांखालच्या कुणालाही आम्ही विकत नाही, वडील सोबत असले तरी.

बाग बघायला यायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून या, उजाडायच्या आत. पायात बूट घाला, रानात दव असतं. रिकाम्या बाटल्या घेऊन आलात तर आम्ही त्या परत घेतो.