घटस्फोटानंतर पीएफ आपोआप निम्मा होतो का?

‘घटस्फोट झाला की नवऱ्याचा निम्मा पीएफ बायकोच्या नावावर होतो’ हा संदेश नाशिकमध्ये, विशेषतः सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, अनेकांना खरा वाटतो. प्रत्यक्षात असा सरसकट नियम नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ नुसार, अर्ज केल्यावर, न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन पाहून कायमस्वरूपी पोटगी ठरवते. पीएफची शिल्लक त्या हिशेबात येऊ शकते. सरकारी संकेतस्थळावर हे कलम मोफत वाचता येते.

संयुक्त खात्याचेही तसेच. ‘दोघांपैकी कोणीही’ ही नोंद पैसे कोण काढू शकतो एवढेच सांगते. मालकीसाठी मुख्यतः पैसे कोणी भरले हे पाहिले जाते. म्हणून जिचा पगार दरमहा घराच्या हप्त्यात गेला, तिने जुनी पासबुके रद्दीत जाऊ देऊ नयेत.