अवुटोमेटिनिब–डिफॅक्टिनिब संयुक्त उपचार

अंडाशयाचा ‘लो-ग्रेड सीरस’ हा विरळा कर्करोग उलटल्यावर दिली जाणारी, तोंडाने घ्यायच्या दोन औषधांची जोडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला ८ मे २०२५ रोजी त्वरित मान्यता, म्हणजे पुढच्या चाचणीने पक्की व्हायची मान्यता, दिली. ही मान्यता सरसकट नाही. रुग्ण प्रौढ असावी, आधी औषधोपचार झालेला असावा आणि गाठीत केरास या जनुकाचा बिघाड सापडलेला असावा, अशा अटी आहेत. या आजाराचे नाव घेऊन अमेरिकेत मंजूर झालेला हा पहिलाच उपचार. वेरास्टेम ऑन्कॉलॉजी ही कंपनी दोन्ही औषधे एकाच खोक्यात विकते.

अंडाशयाच्या कर्करोगांत सीरस प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्यात लो-ग्रेडचा वाटा दहांत एकाहूनही कमी भरतो. लो-ग्रेड आणि हाय-ग्रेड म्हणजे एकाच पक्षातले मवाळ आणि जहाल, अशी बराच काळ समजूत होती. २००४ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील विकृतिशास्त्रज्ञांनी या गाठींची दोनच प्रतींत विभागणी सुचवली. पुढे जनुकीय तपासण्या झाल्या तेव्हा हे दोन वेगळेच आजार असल्याचे दिसले. हाय-ग्रेडमध्ये पी-५३ हे रखवालदार जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते, लो-ग्रेडमध्ये ते बहुधा शाबूत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली लो-ग्रेडच्या पेशी एकमेकींसारख्या दिसतात, विभाजन पावणाऱ्या मोजक्याच असतात, आणि मधूनमधून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असलेले कॅल्शियमचे कण आढळतात.

‘लो-ग्रेड’ हे नाव दिशाभूल करते. ऐकणाऱ्याला वाटते, आजार सौम्य आहे किंवा लवकर सापडला आहे. ग्रेड म्हणजे पेशींचे रूप आणि वाढीचा वेग. आजार किती पसरला हे सांगते ती स्टेज. हा कर्करोग सावकाश वाढतो, पण पुष्कळदा पोटभर पसरल्यावरच लक्षात येतो. हाय-ग्रेडच्या मानाने तो तरुण वयात गाठतो. रुग्ण अनेक वर्षे जगतात, आणि त्यांतली बरीच वर्षे एकामागून एक उपचारांत जातात.

सावकाशपणाच इथे आडवा येतो. केमोथेरपी भराभर विभाजन होणाऱ्या पेशींना मारते, या पेशींना घाई नसते. उलटलेल्या आजारात नेहमीच्या केमोने गाठी आकसण्याचे प्रमाण एका जुन्या पाहणीत ५ टक्क्यांहूनही कमी निघाले होते. म्हणून शस्त्रक्रियेवर भर राहिला. जोडीला लेट्रोझोलसारखी संप्रेरकरोधक औषधे आली.

खरा सुगावा पेशीच्या आत होता. केरास, राफ, मेक आणि अर्क या प्रथिनांची एक साखळी ‘वाढ’ हा निरोप पुढे पोचवते. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत केरास बिघडलेले असते, म्हणजे निरोप थांबतच नाही. मेकला अडवणाऱ्या ट्रॅमेटिनिबची २६० रुग्णांवर चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आजार बळावेपर्यंतचा मध्यक काळ ७.२ महिन्यांवरून १३ महिन्यांवर गेला. त्याच जातीचे बिनिमेटिनिब मात्र आपल्या चाचणीत केमोपेक्षा सरस ठरले नाही.

मेक अडवला की पेशी स्वस्थ बसत नाही. खालून निरोप येईनासा झाल्यावर वरचे राफ अधिक जोराने मेकला डिवचू लागते. अवुटोमेटिनिब राफ आणि मेक यांना एकमेकांना चिकटलेल्या, निष्क्रिय अवस्थेतच जखडून ठेवते, त्यामुळे ही एक पळवाट बंद होते. दुसरी पळवाट फॅक या प्रथिनाची. पेशीला आजूबाजूच्या ऊतीशी घट्ट धरून ठेवणारे हे प्रथिन मूळ साखळी दबली की चेकाळते आणि पेशीला तगवते. डिफॅक्टिनिब त्याला रोखते. फुप्फुसावरणाच्या कर्करोगावर हेच डिफॅक्टिनिब एकटे वापरून पाहिले होते. गुण दिसत नसल्याने ती चाचणी २०१५ मध्ये थांबवावी लागली. एकट्याने हरलेले औषध दुसऱ्याच्या पाठीशी उभे राहिल्यावर कामाला आले, हा या कथेतला सर्वांत लक्षणीय भाग.

जोडीची पहिली पारख ब्रिटनमधील ‘फ्रेम’ या छोट्या चाचणीत झाली. मान्यता मिळाली ती ‘रॅम्प २०१’च्या बळावर: केरास बिघडलेल्या ५७ रुग्णांपैकी ४४ टक्क्यांच्या गाठी ठरावीक निकषांपर्यंत आकसल्या. हा परिणाम कुणात ३ महिने टिकला, तर कुणात ३१. केरास शाबूत असलेल्यांतही काहींना गुण आला, पण प्रमाण १७ टक्केच होते. आकडे वाचताना एक पथ्य पाळावे: या चाचणीत तुलनेसाठी जुन्या उपचारांचा गट नव्हता.

चक्र ४ आठवड्यांचे असते. अवुटोमेटिनिब ३.२ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदाच, पहिल्या आणि चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी सुरू केले तर पुढचा डोस गुरुवारी. डिफॅक्टिनिब २०० मिलिग्रॅम रोज सकाळ-संध्याकाळ. तीन आठवडे असे चालते, चौथ्या आठवड्यात दोन्ही बंद. दोन औषधांची दोन वेळापत्रके सांभाळायची असल्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेल्या बऱ्या.

त्रास चुकत नाहीत. मळमळ, जुलाब, थकवा, अंगावर पुरळ, पायांना सूज हे नेहमीचे. दृष्टी धूसर होऊ शकते, म्हणून उपचाराआधी आणि नंतरही ठरावीक काळाने डोळे तपासावे लागतात. स्नायूंना इजा झाल्याचे दाखवणारे सीपीके हे विकर रक्तात वाढते. त्यावर लक्ष ठेवून डोस थांबवतात किंवा कमी करतात. गर्भाला अपाय होण्याची शक्यता असल्याने उपचारकाळात गर्भधारणा टाळावी लागते. तरुण रुग्णांचे प्रमाण पाहता ही सूचना इथे केवळ औपचारिकता म्हणून छापलेली नाही.

त्वरित मान्यता पक्की होण्यासाठी ‘रॅम्प ३०१’ ही तिसऱ्या टप्प्याची चाचणी आखली गेली. तीत या जोडीची तुलना डॉक्टरांनी निवडलेल्या केमोशी किंवा संप्रेरकरोधक औषधाशी होते, आणि केरास शाबूत असलेल्या रुग्णांनाही तीत घेतले आहे.